मांडवी आणि मोबाइल

(मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



मंडळाने आम्हाला दिलेला विषय होता ‘मराठी आणि तंत्रज्ञान’. विषय फार मोठा आहे, म्हणून त्याचा एकच कोपरा घेतो. ज्येष्ठांच्या मोबाइलच्या अडचणी पाहायला आम्ही चौघे बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. येणारा माणूस बहुतेक वेळा अपराधी चेहऱ्याने म्हणतो, “माझ्या हातून काहीतरी बिघडलंय.” आणि बहुतेक वेळा त्याच्या हातून काहीच बिघडलेले नसते. काल चालणारी गोष्ट आज चालेनाशी होते, कारण दूर कुठेतरी कुणीतरी एक खिडकी बंद केलेली असते. ती खिडकी कसली आणि ती लावून घेण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच आज बोलायचे आहे.

कचेरीत गेल्यावर आपण दप्तरखान्यात शिरत नाही. ठरलेल्या खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात अर्ज देतो. आतला कारकून कागद काढतो आणि नक्कल हातात ठेवतो. फोनमधल्या ॲपचेही तसेच. अँड्रॉइड, आयओएस किंवा संगणकावरचे विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ती कचेरी. ॲपला फोटो काढायचा असो, आवाज ऐकायचा असो की पडद्यावर एक अक्षर उमटवायचे असो, ते काम ते स्वतः करत नाही. खिडकीवर अर्ज टाकते. या खिडक्या आणि अर्जांचे नमुने मिळून जे होते, त्याला एपीआय म्हणतात.

ऐकायला रुक्ष वाटते, पण यावरून मोठमोठे खटले झाले आहेत. एका खिडकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कचेरीत चालत नाही. म्हणून ज्याच्या खिडक्यांसाठी सगळे जग प्रोग्राम लिहिते, त्याला ग्राहक सोडून जाऊ शकत नाही. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. नेटस्केपचा ब्राउझर लोकप्रिय झाला असता, तर प्रोग्राम विंडोजऐवजी ब्राउझरसाठी लिहिले गेले असते आणि खाली विंडोज आहे की आणखी काही, याने फरक पडला नसता. पुढे ओरॅकल आणि गूगल २०१० पासून भांडले ते अर्जांच्या नमुन्यांवरून. जावाच्या सुमारे ११,५०० ओळी गूगलने अँड्रॉइडसाठी उतरवून घेतल्या होत्या. तो रास्त वापर होता, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ठरवले. निकाल उलटा लागता, तर दुसऱ्याच्या खिडकीसारखी खिडकी बांधणे हीच चोरी ठरली असती.

आता आपल्या घरातली गोष्ट. आज मराठी भाषा दिन आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ‘अर्क’मधला र साठवणुकीत क च्या आधी असतो, पण दिसतो त्याच्या डोक्यावर. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तर फक्त आपल्यालाच कळतो. ही जुळणी करणारी खिडकी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असावी लागते. ती नसेल तर ॲप बनवणारा कितीही मराठीप्रेमी असला तरी त्याचे काही चालत नाही. विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण सेटिंगमध्ये कुठेतरी आत एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग मशीन मूळ सीडी मागे. ती सीडी घरात कधीच सापडत नसे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर तर मराठी मजकुराच्या जागी नुसते रिकामे चौकोन येत. तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी एक युक्ती शोधली होती: ऑपेरा मिनी ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन अवघड लिप्या चित्ररूपाने मागवायच्या. अक्षरे जुळवली जात दूरच्या सर्व्हरवर आणि फोनकडे येई त्यांचे चित्र. बंद खिडकीला घातलेला तो वळसा होता. आयफोनवर बाहेरच्या कंपनीचा कीबोर्ड बसवण्याची मुभा आली २०१४ मध्ये, आयओएस ८ बरोबर. तोपर्यंत ॲपल देईल तोच कीबोर्ड.

त्याआधीच्या काळाची किंमत आपल्या मंडळानेही मोजली आहे. जुन्या स्मरणिका ज्या सॉफ्टवेअरवर जुळवल्या, त्या काळी देवनागरीची खिडकीच नव्हती, म्हणून त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या घरांत आपली अक्षरे बसवली. फॉन्ट असेपर्यंत सगळे छान. आज ती फाइल उघडली की चिन्हांची भेळ दिसते. सॉफ्टवेअर पुन्हा चालवावे म्हटले, तर त्याचे डाँगल लावायला जुने प्रिंटर पोर्ट लागते आणि ते आता कुठल्याच लॅपटॉपला नाही. शिवाय १६ बिटांच्या काळातले प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत. छापील प्रती कपाटात आहेत म्हणून लेख वाचले.

हे झाले खिडक्यांचे. आता नाक्याकडे वळू.

आपल्या वडोदऱ्यात जुन्या शहराच्या मधोमध मांडवी उभी आहे. चार दिशांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, आणि मध्ये ही कमानींची इमारत. मांडवी या शब्दाचा जुना मराठी अर्थच जकातघर. ॲप स्टोअर म्हणजे नेमके हेच. ॲपलने आपले स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडले, तेव्हा त्यात ५०० ॲप होती आणि विक्रीतले ३० टक्के कंपनीचे, हा दर तेव्हापासूनचा. (लहान विक्रेत्यांना पुढे १५ टक्क्यांची सवलत मिळाली.) त्याआधी संगणकावर कोणता प्रोग्राम टाकायचा, हे कंपनीला विचारण्याची पद्धतच नव्हती. सीडी आणायची, घालायची, झाले. आयफोनवर मात्र मांडवी ओलांडल्याशिवाय काही आत येत नाही. अँड्रॉइडने बाजूचा एक दरवाजा उघडा ठेवला: एपीके फाइल आणून थेट बसवता येते, पण वाटेत दोन-तीन इशारे वाचावे लागतात.

जकातीचा वाद आपल्या घरांपर्यंत आला तो १ मार्च २०२४ रोजी. शुल्कावरून बिनसले आणि गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून उतरवली. त्यांत नोकरी होते, भारत मॅट्रिमोनी आणि तिची भावंडे होती. ज्यांच्या फोनमध्ये ॲप आधीच होते त्यांचे चालू राहिले, पण नव्याने शोधणाऱ्याला ते मिळेना. ऐन लग्नसराईत मुलामुलींची स्थळे पाहणाऱ्या पालकांना वाटले, कंपनीच बुडाली! सरकार मध्ये पडले आणि काही दिवसांत ॲप परत आली. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला दोन दंड ठोठावले होते: अँड्रॉइडमधील वर्चस्वाबद्दल १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या पैसे भरण्याच्या सक्तीबद्दल ९३६.४४ कोटी रुपये. दुसरा दंड अपिलात सुमारे २१६ कोटींवर आला.

पण आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रारी आल्या त्या पैशांच्या नव्हत्या, कॉल रेकॉर्डिंगच्या होत्या. कानाने कमी ऐकू येणारे एक काका प्रत्येक फोन रेकॉर्ड करून नंतर शांतपणे ऐकत. मे २०२२ मध्ये ते बंद पडले. झाले असे की, रेकॉर्डिंगचा सरळ रस्ता अँड्रॉइडने आधीच बंद केला होता, म्हणून ही ॲप दिव्यांगांच्या सोयीसाठी ठेवलेल्या ॲक्सेसिबिलिटी खिडकीतून काम करून घेत. त्या खिडकीतून पडद्यावरचे सगळे वाचता येते. तिचा गैरवापर करून ओटीपी उचलणारे चोर खरेच होते आणि आहेत. म्हणून ११ मेपासून गूगलने रेकॉर्डिंगसाठी तिचा वापर करणाऱ्या ॲपना प्ले स्टोअरची दारे बंद केली. इथपर्यंत समजू शकते. पण फोनबरोबर कंपनीने दिलेल्या डायलरला मात्र रेकॉर्डिंगची मुभा राहिली. बाहेरच्याला नाही, घरच्याला आहे. आम्हाला खटकते ते इथे. नाका चालवणाराच बाजारात दुकानही चालवत असेल, तर सुरक्षेचे कारण खरे कोणते आणि सोयीचे कोणते, हे ग्राहकाने कसे ओळखावे?

नाकाच नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गेल्या दोन वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने, वाहनाच्या चलानाच्या नावाने एपीके फाइली येतात. पत्रिका म्हणून उघडली की एसएमएस दुसऱ्याकडे जाऊ लागतात आणि खाते रिकामे होते. आपल्या समाजात पत्रिका न उघडणे म्हणजे असभ्यपणा, आणि चोरांना ते पक्के ठाऊक आहे. अनोळखी नंबरवरून आलेली पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असेल तरच पाहा. फोन काही ‘इन्स्टॉल’ करू का विचारत असेल, तर ती पत्रिका नाही.

या फसवणुकीचेच कारण देऊन ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, बाजूच्या दरवाजाने येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही आपली ओळख गूगलकडे नोंदवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, इतरत्र २०२७ पासून. बरीच ओरड झाल्यावर, जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असेही कंपनी म्हणाली. कोणी छंद म्हणून पंचांगाचे किंवा बाराखडीचे छोटे ॲप करतो आणि नातेवाइकांना फुकट देतो, त्याचे काय, हा आमचा प्रश्न आहे. अशी मुक्त ॲप वाटणारे एफ-ड्रॉइड २०१० पासून चालू आहे, ते चालवतात स्वयंसेवक. युरोपात नवीन कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपललाही आयफोनवर दुसरी स्टोअर येऊ द्यावी लागली. आपल्याकडे फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर काढले, ते मराठीतही चालते. ते किती घरांत पोहोचेल हे वेगळे, पण दुसरा नाका असणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

शेवटी तीन कामाच्या गोष्टी. फोन घेताना किमतीबरोबर दुकानदाराला विचारा, अपडेट किती वर्षे मिळतील. चांगल्या अवस्थेतला फोन टाकावा लागतो तो बहुधा बँकेचे ॲप जुन्या अँड्रॉइडला नाही म्हणते तेव्हा. ज्या कामाला संकेतस्थळ आहे, त्याचा पत्ता वहीत लिहून ठेवा. ॲप गेले तरी ब्राउझरमधून काम होते. आणि मराठीत जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा.

मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचे युनिकोडमध्ये रूपांतर आम्ही हाती घेतले आहे. फॉन्टनुसार तक्ता करून अक्षरे बदलावी लागतात आणि जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात; एका अंकाला तीन-चार आठवडे लागतात. कोणाच्या घरी जुन्या अंकांच्या फ्लॉपी किंवा सीडी असतील, तर मंडळाच्या कार्यालयात द्याव्यात. वरती वर्ष लिहिलेले असेल तर फार बरे. फ्लॉपी वाचणारे यंत्र आमच्याकडे एकच आहे, पण अजून चालते.