घारापुरी : लेण्यांपलीकडचं बेट



आपण वऱ्हाडातली माणसं. पूर्णेचा पूर आपल्याला ठाऊक, भरती-ओहोटी नाही. बडनेऱ्याला किंवा अकोल्याला रात्री गाडीत बसून मुंबई गाठली, की आपल्यापैकी पुष्कळजण लाँचनं घारापुरीला जातात, लेणी पाहतात आणि संध्याकाळच्या आत परततात. पण घारापुरी म्हणजे नुसती लेणी नव्हेत. ते नांदतं बेट आहे.

मुंबईच्या पूर्वेस सुमारे 10 किलोमीटरवर, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात हे बेट येतं. दोन टेकड्या, त्यांच्यामध्ये अरुंद खोलगट भाग, किनाऱ्याला तिवरांची झाडी. ओहोटीला बेट ऐसपैस होतं, भरतीला आकसतं. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. वस्ती सारी हजार-बाराशेची. नदी नाही. पावसाचं पाणी साठवायचं आणि त्यावर वर्ष काढायचं.

सहाव्या शतकाच्या मध्यास, बहुधा कलचुरी राजांच्या काळात, इथल्या डोंगरात शिवाचं मंदिर कोरलं गेलं. त्यातली सदाशिवाची त्रिमुख मूर्ती 18 ते 20 फूट उंच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी किनाऱ्याजवळचा दगडी हत्ती पाहिला आणि बेटाला 'एलिफंटा' म्हणू लागले. तो हत्तीही बेटावर राहिला नाही. 1864 मध्ये त्याचे भाग मुंबईस नेले. पुढं ते जोडले, आणि आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे.

आता जरा समोर पहा. पाण्यापलीकडे ट्रॉम्बे. तिथं 1956 मध्ये 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. 1987 मध्ये घारापुरीची लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. आणि बेटावरच्या घरांत? तिथं संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग अंधार. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये!

थोडी वस्ती आणि मध्ये समुद्र, म्हणून हा हिशेब मागं पडत राहिला. मेळघाटाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे निराळं सांगायला नको. तिथं मध्ये डोंगर आहेत, एवढाच फरक.

तेव्हा पुढल्या खेपेस घारापुरीला गेलात, तर सदाशिवाचं दर्शन जरूर घ्या. पण पायऱ्या उतरल्यावर एखाद्या गावातही डोकावून या. देव पाहायला आलेली माणसं संध्याकाळी निघून जातात. बेट राखतात ती मागं राहिलेली माणसं.