कागद किती वर्षं टिकतो?

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातून बोलतोय. आतापर्यंतच्या भाषणांत आपण किल्ले, तोफा, लढाया असं बरंच काही केलं. आज विषय कागदाचा. फौजी माणूस कागदावर काय बोलणार, असं काही जणांना वाटेल. पण ज्याने फौजेत नोकरी केली आहे त्याला विचारा. आम्ही गोळ्या कमी झाडतो आणि कागद जास्त लिहितो. कागदी घोडे नाचवण्यात आमच्या घोडदळाचा हात कोणी धरणार नाही.

माझ्या हातात दोन कागद आहेत. एक कालचं वर्तमानपत्र. उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं. घरी करून बघा. यंत्रावर कागद बनतो तेव्हा त्याचे तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने लोळतात, म्हणून हा फरक. दुसरा कागद सांगानेरचा, हाताने केलेला. हा उभा-आडवा सारखाच चिवट आहे. हातकागदाची जाळी कारागीर पाण्यात चारी बाजूंना हलवतो, त्यामुळे तंतू एकमेकांत गुंततात. कागद म्हणजे मुळात एवढंच. वनस्पतीचे तंतू कुटून पाण्यात मोकळे करायचे, जाळीवर धरायचे, पाणी निथळू द्यायचं. सुकताना तंतू आपोआप एकमेकांना धरतात. भूर्जपत्र ही झाडाची साल, ताडपत्र हे झाडाचं पान; ते कागद नव्हेत.

ही युक्ती चीनची. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी यांचा कागद बादशहापुढे ठेवला. त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे चीनच्या वायव्येकडच्या कोरड्या भागात सापडलेत, म्हणजे त्याने शोध लावण्यापेक्षा पद्धत बसवली असं म्हणावं. चिनी लोकांनी कागदाचं काय काय केलं! वस्तू गुंडाळल्या, पतंग केले, चलन छापलं, आणि चक्क चिलखतंही केली. घड्यांवर घड्या घातलेल्या जाड कागदाचं चिलखत बाण अडवायचं. कौतुक वाटलं तरी मला ते घालायला सांगू नका.

इ.स. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब आणि चिनी फौजांची लढाई झाली, त्यात पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदला कागद शिकवला, अशी कथा सांगतात. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत. पण समरकंद, बगदाद आणि मग युरोप हा रस्ता खरा. आपला 'कागद' हा शब्दही त्याच वाटेवरच्या फारसीतून आला. आणि फौजी म्हणून एक गंमत सांगतो. 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्याचं मूळ कागदाच्या 'कार्टा' या शब्दात आहे. कारण काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. १८५७ मध्ये शिपायांनी दाताने फोडायला नकार दिला तो याच चरबी लावलेल्या कागदाच्या पुडीला.

आता आपल्याकडे येऊ. काश्मीरमध्ये पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने समरकंदकडचे कारागीर आणल्याचं सांगतात. महाराष्ट्रात दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्याबरोबर कागद करणारे आले अशी तिथली परंपरा. आजही तिथे हातकागद बनतो. दुसरं ठिकाण जुन्नर. पेशवाईतल्या कारकुनाला दौलताबादी कागद आणि जुन्नरी कागद डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखता येत असणार.

तो करायचे कसा? गोणपाट, जुने दोर, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजत घालायच्या. पायाने चालवायच्या मोठ्या लाकडी हातोड्याखाली कुटायच्या. नदीवर नेऊन धुवायच्या. पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा नदी. मग हौदात लगदा कालवून, गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलायचा. ताव भिंतीला चिकटवून सुकवायचा, पिठाची खळ द्यायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर बोरू अडखळतो आणि शाई पसरते. या सगळ्यातली चुन्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळचे लोक कागद किती जाणून होते ते बघायचं तर दासबोध उघडा. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. शाई, लेखणी, ओळी, सगळं सांगितलंय. त्यात समर्थ म्हणतात की पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आपल्याला शाळेत समास सोडायला सांगायचे तेव्हा वाटायचं, बाईंना लाल पेन चालवायला जागा हवी म्हणून. समर्थांचं कारण निराळं होतं. कागद आधी कडेने मरतो.

आता जयपूर. मुरलीपुरा शहराच्या उत्तरेला, सीकर रोडच्या बाजूला. सांगानेर दक्षिणेला, विमानतळाकडे, म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. तिथे कागजी मंडळींची जुनी वस्ती आहे. आंबेरच्या राजांनी सोळाव्या शतकात त्यांना वाहत्या पाण्याच्या काठी वसवलं अशी त्यांच्यात सांगण्याची रीत. ते वाहतं पाणी आता राहिलेलं नाही. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला होता, तो खादी-ग्रामोद्योगामुळे आणि पुढे परदेशी मागणीमुळे उठला. ग्रामोद्योगाच्या त्याच हाकेतून पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली होती. सांगानेरला गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्था आहे. कारखान्यात गेलात तर ढिगावर ढीग दिसतील ते कपड्यांच्या कातरणांचे. बनियन, टी-शर्ट शिवताना उरलेले सुती तुकडे. तेच कुटून कागद होतो. झाड तोडायची गरज नाही.

मराठी माणसाला जयपूरच्या कागदाची ओढ का वाटावी, याचं एक मोठं कारण आहे. मे १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्ऱ्याला पोचले. त्यांची जबाबदारी होती मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा कुंवर रामसिंह याच्यावर. रामसिंहाच्या पदरी परकालदास नावाचा माणूस होता. तो आग्ऱ्याहून आंबेरला कल्याणदासाला पत्रं पाठवायचा, राजस्थानी बोलीत, रोजचं रोज असावं तसं. दरबारात काय झालं, महाराज कसे संतापले, चौक्या कधी बसल्या, आणि ऑगस्टमध्ये पाखरू उडाल्यावर कोणाची कशी धावपळ झाली. महाराज दिसायला कसे, तेही त्याने लिहिलंय. चण लहान, वर्ण गोरा, आणि कोणी न सांगताही हा राजा आहे हे कळावं असा माणूस. शत्रूच्या गोटातल्या कारकुनाने दिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिला किंमत. ही पत्रं जयपूर संस्थानच्या दफ्तरात निघाली. सर जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. संस्थानचं दफ्तर आता बिकानेरला राज्य अभिलेखागारात आहे.

उलट्या दिशेनेही कागद धावला. ऑगस्ट १७४८ मध्ये इथून जवळच बगरूला लढाई झाली, त्यात मल्हारराव होळकर होते. १० जानेवारी १७५१ ला जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. या गोष्टी मोडीतल्या पत्रांनी दक्षिणेत नेल्या, जासुदांच्या कमरेला बांधून, उन्हापावसातून. मग ती पत्रं फडक्यात, म्हणजे रुमालात, बांधून पुण्याच्या दफ्तरात पडली. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात काढले. पावणेदोनशे वर्षांनी सोडलेला रुमाल वाचता आला, कारण कागद चिंध्यांचा होता, त्यात चुना मुरलेला होता आणि शाई काजळाची होती.

आता उलट बघा. १७९९ मध्ये फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेरने कागदाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कागद भराभर निघू लागला, चिंध्या पुरेनात. १८४० च्या दशकात जर्मनीत केलरने लाकूड घासून लगदा करायची रीत काढली. कागद स्वस्त झाला. शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रं, स्वस्त कादंबऱ्या, सगळं त्यातूनच आलं, ते उपकार मी नाकारत नाही. पण लाकडात लिग्निन असतं, ते उन्हात पिवळं पडतं. आणि शाई पसरू नये म्हणून राळेबरोबर तुरटीचं रसायन घालत, ते दमट हवेत हळूहळू आम्ल सोडतं. चुना आम्लाला मारायचा. इथे आम्ल कागदातच घरजावई होऊन बसलं. ते तंतू आतून तोडतं. म्हणून आजोबांच्या काळचं पुस्तक उघडलं की पानाचा कोपरा बिस्किटासारखा हातात येतो आणि पणजोबांची पोथी मात्र शाबूत असते.

हे मला पुस्तकातून कळलं त्याहून जास्त एका पिशवीतून कळलं. आमच्या भागात बरेच निवृत्त फौजी राहतात, सीकर-झुंझुनूकडचे. कागदपत्रांत एकमेकांना मदत करायची पद्धत आहे. मागच्या वर्षी एका सुभेदारसाहेबांच्या पत्नी आल्या. साहेब सहा महिन्यांपूर्वी गेलेले. भाभीजींनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात डिस्चार्ज बुक होतं, जाड कागदाचं, कापडी बांधणीचं. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दुसरा गठ्ठा अंतर्देशीय पत्रांचा, ५६ एपीओच्या पत्त्यावरून आलेली. ती घड्यांवर तपकिरी होऊन तुटली होती. एका पत्राचे तीन तुकडे झाले होते आणि मधला सापडत नव्हता. तिसरा गठ्ठा आजारपणातल्या बिलांचा. पैसे परत मिळवायचे तर मूळ बिलं लागणार. त्यातली निम्मी कोरी होती.

कोरी म्हणजे अगदी कोरी. तो कागद थर्मल असतो. त्यावर शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो, तेवढंच. ऊन, तेलाचा हात, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं त्याचं वैरी. जयपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. भाभीजी एकेक चिठ्ठी उजेडासमोर धरत होत्या आणि म्हणत होत्या, "साब, इसमें लिखा था। मैंने खुद रखा था।" त्यांनी सगळं नीट जपून ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलं होतं, आणि नेमकं तेच नडलं. आम्ही तीन आठवडे फेऱ्या मारल्या. रुग्णालयाने सही-शिक्क्याच्या नकला दिल्या. औषधांच्या दुकानदारांपैकी काहींनी जुना हिशेब काढून दिला, काहींनी हात वर केले. तेवढी रक्कम गेली. पण भाभीजींना त्या रकमेपेक्षा त्या पत्राच्या मधल्या तुकड्याचं जास्त लागलं होतं, हे मला दिसत होतं. तो काही मिळाला नाही.

म्हणून थोडं कामाचं. थर्मल पावती आली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा. झेरॉक्समधली भुकटी कार्बनची असते, ती टिकते. मोबाइलवर फोटोही काढा, पण कार्यालयात कागदच मागतात हे विसरू नका. जुन्या पत्रांना चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन आत उतरतो. जुना कागद गरम लॅमिनेशन करून तर मुळीच घेऊ नका. तो परत सोडवता येत नाही. घड्या उघडून सपाट ठेवा. प्लॅस्टिकऐवजी धुतलेलं सुती फडकं वापरा, आणि आपल्या आज्या पोथीत ठेवायच्या तसा वेखंडाचा तुकडा ठेवा, कसर दूर राहते. दमट खोलीत, भिंतीला टेकून ट्रंक नको.

आणि जे शंभर वर्षांनी कोणीतरी वाचावं असं वाटतं, वंशावळ म्हणा, आईच्या हातच्या पाककृती म्हणा, नातवाला लिहिलेलं पत्र म्हणा, ते सुती कागदावर लिहा. फार महाग पडत नाही. सुती कागदावर विश्वास बसत नसेल तर खिशातली नोट काढा. आपली नोट सुती लगद्याची असते, म्हणून पँटबरोबर धुतली गेली तरी वाळवून वाण्याकडे चालते. वर्तमानपत्राचा तुकडा धुवून बघा.

लिहिताना चारी बाजूंना बोटभर जागा सोडा. समर्थांनी सांगितलंच आहे. पुढच्या वेळी नकाशांवर बोलू. नकाशाची घडी कशी घालायची यावर पलटणीत होणारी भांडणं ऐकण्यासारखी असतात. जय हिंद.