हजेरीपटाबाहेरची मुले



आमच्या ओळखीच्या एका घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे. शाळेची घंटा झाली की तो दोन्ही कान घट्ट दाबून बाकाखाली शिरतो. मुलगा मंद नव्हे. वाण्याचे बिल हाती दिले तर बेरजेतल्या चुकीवर तो नेमके बोट ठेवतो. पण वर्गातला कलकलाट, खडूची कर्कर, मधल्या सुटीतली रेटारेटी त्याला सोसवत नाही. डॉक्टर ह्याला स्वमग्नता म्हणतात. शाळेने काही महिने त्याच्या आईला रोज मध्येच बोलावून घेतले आणि शेवटी गोड शब्दांत सांगितले, "तूर्त घरीच ठेवा." ह्या 'तूर्त'ला आता दोन वर्षे झाली.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि पुढल्या वर्षी ते नामंजूर झाले. मुलाला शाळेपर्यंत आणावे कसे, ही त्या काळची चिंता होती. शाळेच्या दारापर्यंत येऊनही ज्याला आत बसवत नाही, अशा मुलाचा विचार तेव्हा कोण करणार? तो आपल्या वाट्याला आला आहे.

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही, असेही त्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्यायही आला. मात्र तो कोणाला? एकाहून अधिक विकलांगता एकत्र असलेल्या मुलाला, किंवा जिची तीव्रता ८० टक्के वा त्याहून जास्त आहे त्याला. आमच्या ह्या मुलाच्या दाखल्यावर आकडा आहे ५०. म्हणजे घरी शिकवायला शिक्षक मागावा, तर तो पुरेसा अपंग नाही. शाळेत बसावे, तर पुरेसा धडधाकट नाही! नाव पटावर आहे, मूल खिडकीत आहे, आणि कागदोपत्री कोणाचेच काही चुकलेले नाही.

मग शिकवते कोण? आई. तिने नोकरी सोडली. सकाळी स्वयंपाक उरकला की ओट्यापाशीच पाटी निघते. शिकवण्याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नाही. मुलगा चिडला म्हणजे आपलेच चुकले असे तिला वाटते. पुढे मुक्त विद्यालयाची वाट आहे. तेथे दहावीचे विषय एकदम न देता पाच वर्षांत सवडीने देता येतात, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला परीक्षेआधी सोबत हवी असते, तिचे काय?

शिक्षकांवर खापर फोडण्याची आमची इच्छा नाही. भरलेल्या वर्गात एकट्या माणसाने किती कान झाकलेल्या मुलांकडे पाहावे? मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करणे हे शाळेचे कर्तव्य ठरविले आहे. घंटेपूर्वी पाच मिनिटे मुलाला बाहेर नेणे, कोपऱ्यातली शांत जागा देणे, प्रथम एकच तास बसू देणे, ह्याला इमारतनिधी लागत नाही. ज्याला एवढ्यानेही जमणार नाही, त्याच्या घरी विशेष शिक्षकाने यावे, आणि दाखल्यावरच्या आकड्याने त्याला उंबरठ्यावर अडवू नये. त्यासाठी कायद्यातली ती अट सैल व्हायला हवी. परंतु एक भीती आम्हास वाटते: घरचा पर्याय मोकळा झाला, की नको असलेले मूल घरी धाडण्यास शाळांना आयतेच निमित्त मिळेल. म्हणून निवड आईबापांची असावी, आणि परतीचे दार उघडे असावे. मुलगा अकराव्या वर्षी म्हणाला, "मला जायचंय," तर त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून अर्ज करावा लागू नये.

आता जरा घरचे बोलू. हे सभागृह संध्याकाळी व्याख्यानाला भरते. दुपारी येथे पंखेसुद्धा बंद असतात. त्या आईला आम्ही विचारले, तेव्हा तिने मोठे काही मागितले नाही. आठवड्यातून दोन दुपारी एक शांत खोली, आणि तिच्यासारख्या आणखी चारपाच जणी, एवढेच ती म्हणाली. वाचनालयाच्या चिटणीसांशी आम्ही बोललो आहोत. मागच्या खोलीची किल्ली द्यायला ते तयार आहेत. तेथली भिंतीवरची घंटा तेवढी काढून ठेवावी लागेल.