ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

परदेशी प्रथमच निघालेला मराठी प्रवासी अवघड इंग्रजी शब्दांची धास्ती घेतो. व्यवहारात त्याला फसवितात ते मात्र ओळखीचे शब्द. मराठीत हॉटेल म्हणजे चहा-फराळाची जागा. इंग्रजीत ते मुक्कामाचे ठिकाण. लंडनमध्ये जेवण आटोपल्यावर ‘बिल’ मागावे. न्यूयॉर्कमध्ये त्याच कागदाला ‘चेक’ म्हणतात, आणि दहा डॉलरचे ‘बिल’ म्हणजे दहा डॉलरची नोट! शिवाय अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वस्तूवर लिहिलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो पैसे देताना वाढतो. हे ठाऊक नसलेल्या प्रवाशाला दुकानदार लबाड वाटू लागतो.

‘चेंज’ म्हणजे सुटे पैसे, तसेच परत मिळणारी बाकीही. ‘कीप द चेंज’ हे वाक्य नुसते सौजन्याचे समजून उच्चारणारा ती बाकी सोडून बसतो. पावतीला ‘रिसीट’ म्हणतात. त्यातील ‘पी’ हे अक्षर लिहावयाचे, उच्चारावयाचे नाही.

मुक्काम हलविताना हिशेब चुकता करून किल्ली परत देणे, याला ‘चेक आउट’ म्हणतात. त्याची वेळ ठरलेली असते. ती उलटल्यास जादा आकार पडू शकतो. म्हणून ती आदल्या रात्रीच विचारून ठेवावी. आकडा नीट ऐकू आला नाही, तर ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ एवढे म्हणावे. अनेकजण संकोचाने मान डोलावतात आणि मागितले तेवढे पैसे देऊन मोकळे होतात. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही, हा धडा शब्दांच्याही आधी शिकावयास हवा.