पोच घेतली का?

श्रोतेहो, 'घर पहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. पण तालुक्याच्या गावी घर बांधायचे, तर पायाच्याही आधी नगरपरिषदेची बांधकाम परवानगी लागते. तिच्याविषयी अनुभवाचे चार शब्द सांगतो.

२०१४ साली आम्ही घर बांधायला काढले. वडिलांचे गुडघे गेलेले, आणि भाड्याची खोली माडीवर. फाल्गुनात मी मालमत्तापत्रक, मोजणीचा नकाशा आणि घराचे आराखडे असे सगळे बांधकाम विभागाच्या टेबलावर नेऊन ठेवले. "ठेवा, बघतो," असे उत्तर मिळाले. मी समाधानाने घरी आलो. वैशाखात चौकशीला गेलो, तर कागद सापडेनात! अर्ज दिल्याचा पुरावा काय? काहीच नाही. पुराव्याशिवाय विधान करू नका, असे वर्गात रोज सांगणारा मी, पोच न घेताच परतलो होतो.

पुन्हा अर्ज केला. या खेपेस आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन. महाराष्ट्राचा नगररचनेचा कायदा १९६६ सालचा आहे. अर्ज पोचल्यापासून, किंवा कार्यालयाने मागितलेला खुलासा पोचल्यापासून, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे हा कायदा मानतो. नकार द्यायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात, आणि त्यावर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. पण हे ६० दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून!

मात्र ६० दिवस झाले, आता वाटेल तसे बांधा, असा याचा अर्थ नव्हे. नियम मोडून बांधलेले अनधिकृतच ठरते.

मला लेखी उत्तर आले, ते त्रुटीचे. माझा जिना सामासिक अंतरात, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, आला होता. आधी राग आला. मग लक्षात आले, की शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी त्याच बाजूला आहे. नियम कागदावरचा खरा, पण त्याने राखला तो त्यांचा उजेड. जिना आत घेतला, परवानगी मिळाली. पुढे जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, हेही रीतसर घेतले.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावची माणसे अर्ज लिहून घ्यायला तुमच्याकडे येतात. अर्ज हातात देताना एवढे जरूर सांगा, "पोच घेऊन या, बरं का." हल्ली बऱ्याच ठिकाणी अर्ज संगणकावरून जातो, तिथे मिळणारा क्रमांक हीच पोच समजावी आणि जपून ठेवावी.

आमच्या घरात वडील दोनच पावसाळे राहिले. तिसराही त्यांना मिळाला असता. तो माझ्या न घेतलेल्या पोचेपायी माडीवरच्या खोलीत गेला. तुमच्याकडून तसे न होवो, एवढे म्हणून आपली रजा घेतो.