पाणी थोपवायला जागा द्या

राज्यभरातल्या महापालिकांतून आलेल्या माझ्या अभियंता मित्रमैत्रिणींनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिल्याबद्दल संयोजकांचे आभार मानतो आणि थेट नाल्यात उतरतो. आपल्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यातल्या माणसाला पुष्पगुच्छ वर्षातून एखादाच मिळतो. शिव्या मात्र चार महिने मिळतात. आता त्या चारवर थांबतील असंही दिसत नाही. 2025 साली मुंबईत पाऊस 26 मेलाच दाखल झाला. नालेसफाईची 31 मेची मुदतही उलटली नव्हती. जेमतेम पंधरवड्यापूर्वी सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात त्या दिवशी पाणी शिरलं. आपण वेळापत्रक जुन्या पावसाचं पाळतो, आणि पाऊस ते पाळेनासा झाला आहे.

आज मला आपल्या सर्वांच्या तोंडपाठ असलेल्या एका सूत्राविषयी बोलायचं आहे. पाणलोटाचं क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि रनऑफ कोएफिशंट यांचा गुणाकार केला की वाहिनीत किती पाणी येणार ते कळतं. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होत्या, आणि कोएफिशंट धरला होता 0.5, म्हणजे निम्मं पाणी जमिनीत मुरेल, असा हिशेब. 1985 च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाचा विचार सुरू झाला, 1993 साली अहवाल आला आणि मग तो कपाटात गेला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कपाट उघडलं. नवा निकष ठरला ताशी 50 मिलिमीटर. वर्तमानपत्रांनी लिहिलं, क्षमता दुप्पट होणार. पण कोएफिशंटही 0.5 वरून 1 झाला होता. दोन्हींचा गुणाकार करून पाहा : पाणी दुप्पट नव्हे, चौपट धरलं गेलं. त्या चौपटीतली एक दुप्पट पावसाची, दुसरी आपल्या काँक्रीटची.

सुरक्षिततेच्या दृष्टीने 1 धरणं बरोबरच होतं, माझी त्यावर हरकत नाही. हरकत आहे ती पुढे जे झालं त्यावर. आपण कागदावर 1 लिहिला आणि शहराने तो परवाना समजला. एकही थेंब मुरणार नाही हे गृहीतच आहे, तर मग अंगणात पेव्हर ब्लॉक घाला, पोडियमखाली तळघर खणा, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणा! शिवाय कोएफिशंट एकाच्या वर जात नसला तरी काँक्रीट वाढलं की पाणी नाल्यापर्यंत पोहोचायचा वेळ घटतो. तेवढ्याच पावसाचा लोंढा लवकर आणि एकदम येतो.

आता कुणी म्हणेल, मग शोषखड्डे खणा. पुण्याच्या उतारावर काही ठिकाणी ते चालतीलही. मुंबईत भरावाच्या जमिनीखाली जुलैत पाणी हाताशी असतं. तिथे शोषखड्डा म्हणजे भरलेला खड्डा. पर्जन्यजल संचयनाची टाकीसुद्धा जूनअखेर तुडुंब भरली, तर जुलैच्या ढगफुटीत तिचा उपयोग शून्य. मुंबईत मुद्दा पाणी मुरवण्याचा कमी आणि थोपवण्याचा जास्त आहे. समुद्रात उघडणारी आपली कित्येक पातमुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढली की दरवाजे बंद करावे लागतात, आणि मग सगळा भार उदंचन केंद्रांवर. हाजी अलीचा एक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी फेकतो. असे पंप हवेतच. पण समुद्राची पातळी वाढतेय, दरवाजे बंद राहण्याचा काळ वाढणार. ओहोटी लागेपर्यंतचे दोन-तीन तास पाणी कुठे तरी उभं राहिलं पाहिजे. आज ते रस्त्यात उभं राहतं.

हिंदमाता या मुंबईतल्या सखल भागाचं पाणी साठवायला मैदानांखाली टाक्या बांधल्या. तो विचार योग्य दिशेचा. मात्र सखल भागात टाकी म्हणजे शेवटच्या घटकेचा उपाय. पाणी वरच अडवायला हवं : मैदान दोन फूट खोल घेऊन, नाल्याकाठची जागा मोकळी ठेवून, सोसायटीच्या आवारात. कोपनहेगनने 2 जुलै 2011 च्या ढगफुटीनंतर बागा आणि रस्तेच अशा कामाला लावण्याचा आराखडा केला. आपण उलट मिठी नदीच्या दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. पुण्यात आंबिल ओढ्याचं पात्र आवळत नेलं, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याने आपली जागा परत घेतली, माणसांच्या जिवांसकट.

सूत्रातली पावसाची तीव्रता आपल्या हातात नाही. केंद्राच्या 2019 च्या नियमपुस्तिकेनुसार महानगरांच्या मध्यवर्ती भागात पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा. पण तो काढायचा गेल्या काही दशकांच्या नोंदींवरून, आणि पुढची दशकं त्या नोंदींसारखी नसणार. म्हणून वाहिन्या मोठ्या करत राहूच, पण त्या शर्यतीत पाऊस पुढेच असणार. कोएफिशंट मात्र माणसाच्या हातात आहे. दुर्दैवाने तो आपल्या खात्यात ठरत नाही. तो नगररचनेत ठरतो, बांधकाम परवानगीत ठरतो, पदपथाच्या निविदेत ठरतो. त्या टेबलांवर आपल्याला खुर्ची नाही. सगळं बांधून झालं की आपल्याला पंप घेऊन बोलावतात.

म्हणून या अधिवेशनाने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक मोठ्या बांधकाम प्रस्तावात, पहिल्या काही तासांचं किती पाणी भूखंडातच थोपवणार याचा आकडा असावा, आणि पर्जन्य जलवाहिन्या विभागाच्या सहीशिवाय परवानगी निघू नये. आराखड्यात पाण्यासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर तीच सही तिथेही लागावी. ठराव आज संध्याकाळच्या सत्रात मांडला जाईल. विरोध असेल तर जरूर बोला, पण मसुदा वाचून या.