शून्य आणि 'माहीत नाही'

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्यातली बरीच मंडळी संगणक क्षेत्रात आहेत आणि उरलेली रात्री जेवायला त्यांची वाट पाहणारी! दोघांनाही समजेल असं बोलण्याचा प्रयत्न करतो.

कोबोल ही १९५९-६० सालची भाषा. एसक्यूएल १९७४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी 'सीक्वेल' या नावाने मांडली. बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये कोबोलच्या पोटात एसक्यूएलची वाक्यं असतात. संसार चालतो, पण एकीचे काही शब्द दुसरीकडे नाहीतच.

चेन्नईकरांना हे चटकन पटेल. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे, तमिळमध्येही 'नाम' आणि 'नांगळ' वेगळे. हिंदीत मात्र दोन्हींना 'हम'. तिथे 'तुम्हाला धरून' की 'सोडून', हे निराळं सांगावं लागतं.

तसंच एसक्यूएलमध्ये 'नल' म्हणजे किंमत माहीत नाही. कोबोलच्या रकान्यात आकडा किंवा अक्षरं असतात. 'माहीत नाही'ला जागा नाही. म्हणून सोबत एक इंडिकेटर व्हेरिएबल ठेवतात. त्यात उणे आकडा आला की समजायचं, किंमत नाही. तो ठेवला नाही आणि नल आला, तर डीबी-टू उणे ३०५ हा कोड देऊन हात वर करतो.

पूर्वीच्या एका नोकरीत मध्यरात्री असाच जॉब अडकला. मी घाईत 'नल असेल तर शून्य घे' असं लिहून मोकळा झालो. जॉब सुटला, शाबासकी मिळाली. पुढे कळलं, ज्यांचा विम्याचा हप्ता ठरायचा होता, त्यांना 'हप्ता रुपये शून्य' अशी पत्रं गेली. एका वृद्ध गृहस्थांनी ते खरं मानून पैसे भरलेच नाहीत. त्यांची पॉलिसी पुन्हा सुरू होईपर्यंत मला झोप नव्हती.

दुसरी अडचण यादीची. कोबोलचा एक व्हेरिएबल एकाच किमतीच्या जागी बसतो, अख्ख्या यादीच्या जागी नाही. शाखा कधी तीन, कधी आठ. तेव्हा दहा जागा ठेवाव्यात आणि उरलेल्या जागी शेवटचाच क्रमांक पुन्हा भरावा. उत्तर बदलत नाही. तिथे शून्य भरू नये, कारण उद्या शून्य क्रमांकाची शाखा निघाली तर? यादी मोठी असेल तर तात्पुरत्या टेबलात टाकून जोडावी. ऐनवेळी वाक्य रचून चालवता येतं, पण मग जी चूक आधी दिवसा सापडली असती, ती रात्री जॉब चालू असताना सापडते.

तरुण मित्रांना एवढंच सांगणं : अडचणीतून वाट जरूर काढा, पण वाटेत अर्थ सांडू देऊ नका. आणि वाट का काढली, हे प्रोग्रॅममध्ये दोन ओळींत लिहून ठेवा. पुढच्या माणसाची रात्रीची झोप त्यावर अवलंबून असते.